आपला आणि आपल्यातला

मुंबईत येईपर्यंत माझी अशी समजूत होती की ओळख म्हणजे मी तुम्हाला ओळखतो आणि तुम्ही मला ओळखता, एवढंच. आमच्या खेडच्या शाळेत तरी या शब्दाचा दुसरा अर्थ कुणी सांगितला नव्हता. मुंबईत कळलं की इथे ओळख काढतात, लावतात, वापरतात आणि बोथट झाली की दाढीच्या पात्यासारखी टाकून देतात. हे शिक्षण मला ज्या दोघांमुळे मिळालं, ते दोघेही संयुक्त महाराष्ट्र समितीच्या काळाचौकीच्या कचेरीत भेटले. एक शशिकांतराव. त्यांच्यावर लिहायला पुष्कळ लोक तयार आहेत. दुसरे राजाराम गमरे. त्यांच्यावर कुणी लिहिणार नाही, म्हणून मी बसलो आहे.

कचेरी म्हणजे सायकलच्या दुकानामागची एक खोली. माझं अक्षर बरं होतं आणि हाताला काम नव्हतं, म्हणून मी तिथे सभांचे फलक लिहायचो. गमरे गिरणीची पाळी संपवून यायचे. पन्नाशीला टेकलेले, उंच, जरा वाकलेले. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायचे. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या दाताला काहीतरी चिकटलंय. खरं कारण निराळं होतं. सूतखात्यात उभा जन्म गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि यंत्रांच्या घरघरीत बोलणं ऐकू येत नाही म्हणून गिरणीतली माणसं ओठ वाचायला शिकतात. गमऱ्यांची त्यात हातोटी होती. एकदा सभेत व्यासपीठावरचे एक पुढारी शेजाऱ्याच्या कानाशी लागले. मागच्या रांगेत सगळे म्हणाले, काहीतरी गंभीर दिसतंय, लाठीमार होणार बहुतेक. गमरे म्हणाले, "ते विचारतायत, परतीची टॅक्सी सांगितली आहे ना."

लालबागपासून भायखळ्यापर्यंत गमऱ्यांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. कुणाला बिगारीचं काम, कुणाला रात्रशाळेत प्रवेश, कुणाला झोपायला गॅलरीचा कोपरा, सगळे त्यांच्याकडे यायचे. पण शब्द टाकण्याची त्यांची एक रीत होती. चिठ्ठी द्यायची नाही. आपण बरोबर जायचं आणि उभं राहायचं. माणूस जेवत असेल तर कामाची गोष्ट काढायची नाही, त्याच्या घरी दुःख असेल तर अजिबात नाही. जेवढं माहीत आहे तेवढंच बोलायचं. मला ते ट्रामने गिरगावातल्या एका छापखान्यात घेऊन गेले तेव्हा मालकाला म्हणाले, "मुलगा शुद्धलेखन बरं करतो म्हणतो. ते मला तपासता येत नाही. पण खोटं बोलत नाही, ते मी तपासलंय." या शिफारशीवर मला प्रुफं तपासायची नोकरी लागली. बाहेर आल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. ज्याने शब्द टाकला त्याला येऊन सांगायचं. काम झालं तरी सांग, नाही झालं तरी सांग. "माणूस वाट बघत असतो रे," ते म्हणाले.

बहुतेक लोक येऊन सांगत नसत. काम झालेले तर नाहीच. गमऱ्यांची बायको यशोदाबाई म्हणायच्या, ज्याचं अडलेलं असतं त्याला आमचा जिना पाठ असतो, आणि ज्याचं सुटलं त्याला चाळसुद्धा सापडत नाही.

आता शशिकांतराव. गिरगावात स्वतःचं घर, आजोबा सॉलिसिटरकडे हेडक्लार्क, आणि हे विमा एजंट. सत्याग्रहात थोडे दिवस तुरुंगात गेले आणि ओळखींचं गाठोडं घेऊन बाहेर आले. शेजारच्या कैद्याचा विमा त्यांनी आतच उतरवला असं लोक म्हणायचे. खोटं असेल, पण त्यांच्याकडे बघितलं की खरं वाटायचं. त्यांच्याजवळ प्रत्येकासाठी वेगळा नमस्कार असे. दादरला "नमस्कार", लालबागला "रामराम", युनियनवाल्याला "लाल सलाम" आणि गमरे दिसले की रस्ता ओलांडून, मूठ उंचावून "जय भीम". हात तुमच्या हातात द्यायचे आणि नजर तुमच्या खांद्यावरून पलीकडे, तुमच्यापेक्षा मोठं कुणी दिसतंय का ते बघायला. माणूस दिसला की म्हणायचे, "हा आपला माणूस." मुंबई इलाख्यात त्यांचा नव्हता असा माणूस नव्हता.

सभेला माणसं हवी असली की ते गमऱ्यांच्या चाळीत यायचे. यशोदाबाई चहा ठेवायच्या आणि शशिकांतराव पोटावर हात ठेवून सांगायचे, "आत्ताच घेतलाय हो." दर वेळी. काळाचौकीला यायच्या आधी हा माणूस इतका चहा कुठे पितो, याचं मला बरेच दिवस कोडं होतं.

जाताना मात्र ते न चुकता म्हणायचे, "गमरे, तुमचं काही काम असलं तर संकोच करू नका."

गमऱ्यांचं काम होतं. एकच होतं. त्यांच्या पुतण्याला, जगदीशला, गिरणीच्या कापडखात्यात मागावर उभं करायचं होतं.

हे काम केवढं होतं ते सांगायला हवं. गमऱ्यांचे वडील बुधाजी याच गिरणीच्या सूतखात्यात. राजारामही सूतखात्यात. धाकटा भाऊ, जगदीशचा बाप, तिथेच खोकून खोकून गेला. कापडखात्यात मजुरी जास्त, मान जास्त, पण तिथे यांच्या लोकांना घेत नसत. कारण धोटा, मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. ते काढायचं तोंडाने. भोकाला ओठ लावून सुर्रकन आत ओढायचं. आज या धोट्याला याचं तोंड, उद्या त्याचं. मग ज्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्याच्या तोंडचा धोटा कसा चालणार? कुठल्या नियमात हे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर खोडता आलं असतं. नागपूरला दीक्षा झाली, मागोमाग काळाचौकीतल्या या घरांनीही धर्म बदलला, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या. गमरे म्हणायचे, "देव सुटले. खातं सुटेना."

जगदीश माग चालवायला भिवंडीत शिकला. तिथला मालक मोमीन. त्याला फक्त धागा तुटला की राग यायचा, धाग्याला तोंड कुणाचं लागलं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पण भिवंडीतलं काम लहरीचं. माग चालले तर मजुरी, नाहीतर मालकाच्या ओसरीवर बसून राहायचं. गिरणीत कायम झालं की माणूस कायम. शिवाय पोराने घरी असावं अशी यशोदाबाईंची इच्छा. आणि गमऱ्यांची, न बोललेली, की एकदा तरी एक गमरे त्या दारातून आत जाऊ दे.

तरी त्यांनी बरेच दिवस मागणी केली नाही. चळवळ चालू असताना आपलं काम काढणं म्हणजे मयताला गेल्यावर उसने पैसे मागणं, असं त्यांचं मत. सत्तावनच्या निवडणुका झाल्या, समितीचा गुलाल उडाला, तेव्हा ते एका रविवारी, जेवणवेळ टाळून, गिरगावात शशिकांतरावांच्या घरी एकटे गेले. काम सरळ सांगितलं. जमत नसेल तर आत्ताच नाही म्हणा, राग नाही, हेही सांगितलं. शशिकांतरावांनी हसून त्यांचा हात दाबला. त्या गिरणीतले वीव्हिंग मास्तर तात्या म्हणजे त्यांच्या आतेभावाचे साडू. घरचंच काम. "सांगून ठेवतो," ते म्हणाले.

मराठीत 'सांगतो' आणि 'सांगून ठेवतो' यांत फार अंतर आहे. सांगितलेलं समोरच्यापर्यंत जातं. सांगून ठेवलेलं, ठेवलेल्या जागी राहतं. मला प्रुफं तपासून शब्दांचा संशय घ्यायची सवय लागली होती. गमऱ्यांना ती नव्हती. ते वाट बघत राहिले, कारण माणूस येऊन सांगतो अशी त्यांची समजूत.

शेवटी एक दिवस शशिकांतरावच म्हणाले की दादरला विजयी मंडळींचं चहापान आहे, तात्या तिथे येणार आहेत, गाठ घालून देतो. मग जिन्यावरून मागे वळून म्हणाले, येताना पंचवीसएक मंडळी आणा, हॉल रिकामा दिसायला नको.

गमरे गेले. मंडळी नेली. जगदीशला धुतलेला शर्ट घातला होता आणि माझ्याकडून एक पेन मागून त्याच्या खिशाला लावलं होतं. मागावर पेन कशाला लागतं, हे मी विचारलं नाही. हॉलमध्ये कर्ण्यावर सनई, पंखे, कपबश्यांचा खणखणाट. तात्या मास्तर ठेंगणे, गोरे, बोलायला मोकळे. शशिकांतरावांनी गमऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तात्या, हे आमचे राजाराम गमरे. हाक मारली की निम्मी काळाचौकी उभी करतात. आपला माणूस."

तात्यांनी जगदीशला कुठले माग, कुठलं कापड, किती वर्षं असं विचारलं. पोराने नीट उत्तरं दिली. तात्या खूश झाले आणि म्हणाले, सोमवारी फाटकावर ये, बदली कामगारांत घेतो, पुढचं पुढे बघू.

इतकी वर्षं अडलेलं दार असं कपबश्यांच्या आवाजात उघडलं. गमऱ्यांनी नमस्कार केला आणि लगेच मागे सरकले. काम झाल्यावर मोठ्या माणसाच्या समोर रेंगाळायचं नाही, त्याला दुसऱ्यांशी बोलू द्यायचं, हीही त्यांची एक रीत. ते जगदीशला घेऊन समोरच्या भिंतीला जाऊन उभे राहिले. मी चहाच्या टेबलापाशी होतो, म्हणून पुढचं माझ्या कानावर पडलं.

तात्या शशिकांतरावांना म्हणाले, "पोरगा तयार दिसतोय. पण गमरे म्हणजे कुठले हे? आपल्यातलेच ना?"

शशिकांतरावांनी बटाटेवड्याचा तुकडा मोडला. "आपले आहेत हो," ते म्हणाले, "आपल्यातले नव्हेत."

आणि हसले. एखादी कोटी जमल्यावर माणूस हसतो तसे.

तात्यांचा चेहरा पडला. आधी नाही का सांगायचं, मी बोलून बसलो ना, असं काहीतरी ते पुटपुटले. शशिकांतराव म्हणाले की त्यात काय, फाटकावर मुकादमाला सांगा, जागा भरली म्हणून. माझं नाव मात्र मध्ये येऊ देऊ नका, माणूस पुढेही लागणार आहे.

आपला म्हणजे ज्याच्याकडून माणसं मागवायची तो. आपल्यातला म्हणजे ज्याला माग द्यायचा तो. दोन अक्षरांचा फरक आहे, आणि महाराष्ट्रातली सगळी वीण त्यावर उभी आहे. माझ्या हातात चहाचा कप होता. तो त्या वड्याच्या बशीवर ओतावा असं फार वाटलं. ओतला नाही. आमच्या शाळेत शिस्त चांगली होती.

मी मान वर केली, तर समोरच्या भिंतीपासून गमरे आमच्याकडेच बघत होते. डोळ्यांकडे नाही. तोंडाकडे. शशिकांतरावांना वाटलं असणार की एवढ्या सनईत आपलं बोलणं आपल्या दोघांतच राहिलं. गिरणीत उभा जन्म काढलेल्या माणसाला सनईची काय अडचण?

गमरे हॉल ओलांडून आले. चालण्यात घाई नव्हती. तात्यांसमोर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, माझी चूक झाली. मी सगळं सांगितलं नाही. आम्ही बौद्ध. पोरगा धोट्याला तोंड लावणार. चालत असेल तर सोमवारी पाठवतो. चालत नसेल तर इथंच नाही म्हणा. फाटकावर उभं करून दुसऱ्याच्या तोंडून नाही म्हणू नका."

आजूबाजूची चार डोकी वळली. तात्यांनी रुमाल काढला. माझी स्वतःची काही हरकत नाही, ते म्हणाले, मी असलं काही मानत नाही, पण खात्यातली माणसं, त्यांच्या भावना, उद्या माग बंद पडले तर काय. हे मी पुढे पुष्कळांच्या तोंडून ऐकलं. हरकत कुणाचीच नसते. हरकत नेहमी शेजारच्या खोलीत असते आणि ती कधी बाहेर येऊन नाव सांगत नाही.

शशिकांतरावांनी हसू गोळा केलं. "गमरे, प्रत्येक गोष्टीला जागा असते."

"तेच विचारतोय," गमरे म्हणाले. "कापडखात्यात आहे का?"

 तात्यांनी रुमालाने मान पुसली आणि ती हलवली, आडवी. गमऱ्यांनी त्यांना परत नमस्कार केला, आज सांगितलंत ते बरं झालं म्हणाले, आणि जगदीशला घेऊन निघाले. आणलेली मंडळी आत खुर्च्यांवर बसून होती. मी विचारलं, त्यांना उठवू का? ते म्हणाले, नको, त्यांचा चहा यायचाय.

दुसऱ्या दिवशी समितीच्या कचेरीत बोभाटा झाला. कशाचा? तर गमऱ्यांना पोच नाही, याचा. चारचौघांत कुणी असं विचारतं का. मास्तरांना किती अवघड झालं. शशिकांतरावांनी एवढी गाठ घालून दिली आणि याने त्यांच्या तोंडाला काळं फासलं. हे बोलणाऱ्यांत असे दोघे होते ज्यांना गमऱ्यांनीच नोकरीला लावलं होतं आणि जे येऊन सांगायला विसरले होते. मी त्या दिवशी फलक लिहायला बसलो होतो, 'मराठी माणसाची एकजूट'. 'एकजूट'मधला ट तीनदा फुटला. मी ब्रश ठेवून दिला आणि त्या दोघांना विचारलं की पोच म्हणजे नक्की काय? पाठीमागे गळा कापायचा आणि समोर बटाटेवडा खायचा, ती पोच? ते म्हणाले, तू लहान आहेस, गावाकडचा आहेस, मुंबईत असंच चालतं. गावाकडेही असंच चालतं हे मला माहीत होतं. फक्त तिथे वडा नसतो.

गमरे मात्र कचेरीत येत राहिले. कुणी विचारलं तर एवढंच म्हणायचे, नाही झालं. पुढच्याच रविवारी ते गिरगावात जाऊन शशिकांतरावांनाही सांगून आले, काम झालं नाही म्हणून. मला हे कळलं तेव्हा मी चिडलो. त्या माणसाला काय सांगायचं, त्यानेच तर मोडलं. गमरे म्हणाले, "त्याची रीत त्याच्यापाशी. मी शब्द टाकला होता, मी सांगितलं." शशिकांतराव त्या वेळी घरी एका व्यापाऱ्याचा विमा उतरवत होते. त्यांनी गमऱ्यांना बाहेर पायरीवर उभं ठेवूनच ऐकलं. हेही गमऱ्यांनी नाही सांगितलं. छापखान्यातला एक कंपॉझिटर समोरच राहायचा, त्याने सांगितलं.

महिन्याभराने मोठी सभा ठरली आणि शशिकांतराव चाळीचा जिना चढून आले. मी तिथेच होतो. यशोदाबाईंनी चहा ठेवला. शशिकांतरावांनी कप घेतला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. यशोदाबाई आतल्या बाजूला तोंड करून, पण ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आज प्यायले. काम मोठं दिसतंय."

काम मोठं होतंच. झालं गेलं विसरून जा, ते म्हणाले, तात्यांना मी झापलं. मग गळा साफ करून म्हणाले की त्यांनी दुसरीकडे बोलून जगदीशसाठी जागा काढली आहे. कायमची जागा, बदलीची नाही. सूतखात्यात. फक्त रविवारी निम्मी काळाचौकी सभेला हवी.

 कायम जागा ही काही थट्टा नव्हे. यशोदाबाईंचा हात चुलीपाशी थांबला. कायम जागा म्हणजे पोरगा घरात, लग्न, सणासुदीला चार माणसं. त्यांना ती हवी होती, ते तोंडावर दिसत होतं. गमऱ्यांनी जगदीशकडे बघितलं. म्हणाले, तू सांग.

जगदीश तोपर्यंत या सगळ्या प्रकरणात एक शब्द बोलला नव्हता. आता तो शशिकांतरावांकडे न बघता काकांना म्हणाला, "काका, सूतखात्यात कुणाची ओळख लागते? तिथं आपली जागा जन्मताच धरून ठेवलेली असते. आजोबांना कुणी चिठ्ठी दिली होती?"

शशिकांतराव उठले. वहाणा घालताना त्यांनी विचारलं, म्हणजे रविवारचं काय समजायचं. गमऱ्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचा चढलेला ऐकला.

"माणसं येतील. तुम्ही बोलावलंत म्हणून नाही. महाराष्ट्र काय तुमच्या आतेभावाच्या साडूचा आहे?"

माणसं आली. निम्मी काळाचौकी आली. शशिकांतराव व्यासपीठावर होते, त्यांच्या गळ्यात हारही पडला. मी हे लिहितोय तोवर ते मोठे झाले आहेत, आणखी होतील. तात्या मास्तर निवृत्तीला आले आहेत आणि अजून त्यांची स्वतःची काही हरकत नाही. त्या कापडखात्यात अजून एकही गमरे नाही.

जगदीश त्याच आठवड्यात परत भिवंडीला गेला. गिरणीच्या मागच्या फाटकातून सुताच्या गाठी भरून भिवंडीला जाणारा एक ट्रक होता, ड्रायव्हर गमऱ्यांच्या ओळखीचा. गमऱ्यांनी आदल्या दिवशी जाऊन त्याला नीट विचारलं होतं, आणि सकाळी स्वतः बरोबर आले होते. मीही होतो. यशोदाबाई आल्या नाहीत; त्यांनी डबा दिला आणि दार लावून घेतलं. जगदीश पत्र्याची ट्रंक घेऊन गाठींवर चढून बसला. त्या गाठींत काकांच्या हातचं सूतही असणार.

गमरे खाली उभे होते. इंजिन सुरू झालं होतं, त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी पुतण्याच्या तोंडाकडे बघत विचारलं, "तिथं तू धागा ओढतोस तेव्हा कुणी वळून बघतं का रे?"

"कामात कुणाला वेळ असतो," जगदीश म्हणाला.

गमऱ्यांनी ते ओठांवरून वाचलं. थोडा वेळ तसेच बघत राहिले, पोरगा आणखी काही बोलतोय का म्हणून. मग ट्रकच्या फळीवर तळहात आपटून ड्रायव्हरला म्हणाले, "ने."